राखलेल्या चार शेंगा

शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करून देणाऱ्या बाईला सगळी इमारत बटणवहिनी म्हणायची. दिवसभर ती खिडकीशी मान मोडून बसायची. सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर जायची, तेवढीच काय ती मोकळी हवा.

गच्चीच्या कोपऱ्यात शेजारच्या घड्याळकाकांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांत घेवड्याचे वेल चढवले होते. काका एकटेच. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात ते सकाळीच निघून जायचे. एकदा वहिनीने सहज चार शेंगा तोडल्या. एवढ्याने काय होतंय! त्या दिवशी नवऱ्याने ताट चाटूनपुसून साफ केलं. "इतक्या कोवळ्या कुठे मिळाल्या गं?"

"बाजारात," ती म्हणाली.

मग आठवड्यातून दोनदा ओंजळभर शेंगा पदराआडून खाली येऊ लागल्या. देठापाशी शेंग कट्कन मोडली की तिला लहान मुलीसारखा आनंद व्हायचा. बोटांना येणारा हिरवा वास ती काम करतानाही हुंगायची.

थंडी सरली तसा वेल आटला. शेवटी चारच जून शेंगा उरल्या, त्यांना लाल दोरा बांधलेला. दोरा तिला दिसला, पण तिचा जन्मच दोऱ्यांत गेलेला, तिने त्याचा विचारच केला नाही. दाणे सोलून, बटाटा घालून तिने उसळ केली.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले आणि काका दारात. "वहिनी, गच्चीवर कोणी गेलं होतं का? बियाण्याच्या चार शेंगा राखल्या होत्या. ही गेल्यापासून अकरा वर्षं तेच बी चालवतोय."

वहिनीने उसळीवर झाकण सरकवलं.

"काका, आमच्याकडे आज घेवडाच आहे," मुलगी म्हणाली. "बसा ना!"

नवऱ्याने पाट सरकवला. ओट्यावर लाल दोरा पडलेला होता. काकांनी तो पाहिला, वहिनीने त्यांना पाहताना पाहिलं. ते बसले, दोन घास खाल्ले, "छान झालीय" म्हणाले आणि उठून गेले. तिला वाटलं, याच्यापेक्षा चार लोकांत तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

सकाळी काका दुकानात जायच्या आत तिने त्यांना जिन्यात गाठलं. "काका, मीच घेतल्या. त्याच नाहीत, हंगामभर घेत होते."

"माहीत आहे. थोड्या जायच्याच, मी म्हटलं खाऊ दे."

"मग काल बोलला का नाहीत?"

"पोरीसमोर काय बोलू?" मग आपल्या दाराच्या कुलपाकडे बघत ते म्हणाले, "पण बी गेलं, वहिनी. वाईट वाटलंच मला."

पूर्वी कधीतरी बहिणीला मूठभर बी दिलं होतं, एवढं त्यांनी सांगितलं. रविवारी वहिनी एकटीच तीन तास बसने त्या बहिणीच्या गावी गेली. अनोळखी घरात, सुनांच्या देखत, का आले ते सांगताना तिची जीभ अडखळली. "मी चोरून खाल्ल्या," असं शेवटी स्पष्टच म्हणाली. काकांच्या म्हाताऱ्या बहिणीने डबे धुंडाळले आणि नऊ बिया पुडीत बांधून दिल्या. म्हातारी हसली नाही, रागावलीही नाही.

घरी येऊन तिने नवऱ्यालाही सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. तिला मात्र हसू फुटलं नाही.

काकांनी नऊपैकी दोन बिया तिच्या हातावर ठेवल्या. "एक डबा तुमचा. पाणी विसरू नका."

पावसानंतर तिचा वेल कपड्यांच्या दांडीवर चढला, जांभळी फुलं आली. कपडे नसले तरी ती आता गच्चीवर जाते, पानांखाली डोकावते, मनापासून खूश होते. आणि शेजारच्या डब्यांकडे नजर गेली की तिचा चेहरा अजूनही कानापर्यंत तापतो.