पाच वेळा विचारून गप्प

ताई ड्रायव्हर लिहिते. हे ऐकून आमची आत्या घाबरलीच होती. पोरगी ट्रक चालवते की काय! मग मी समजावलं. लॅपटॉपमध्ये कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी एक सुरक्षा-चिप असते, भारी संशयी बाई. तिच्याशी कसं बोलायचं हे संगणकाला शिकवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर.

साहेबांनी ताईला शब्द दिला होता, "एवढा ड्रायव्हर झाला की तुझ्या गावच्या शाखेत बदली." त्याला तीन वर्षं झाली. तिकडे बिनखिडकीची खोली, पाठ उघडून ठेवलेले आठ लॅपटॉप आणि ताई. इकडे आई आणि मी. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "कधी येतेस?" ताईचं ठरलेलं, "या महिन्यात नक्की." मला राग यायचा, साहेबांचा कमी आणि ताईचाच जास्त. त्यांनी कोपराला गूळ लावून ठेवला होता आणि ही चाटायला निघाली होती.

यंदा काम खरंच संपत आलं होतं. चाचणीला साहेब मागे उभे होते आणि चिपने उत्तर द्यायला जरा उशीर केला. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचार, असं ताईने लिहिलं होतं. किती वेळा, ते लिहायचंच राहिलं. ड्रायव्हर विचारत सुटला. घाईत पासवर्ड दर खेपेला अर्धवट पोचला, चिपने प्रत्येक खेप चुकीची धरली आणि बत्तिसाव्या खेपेला दार लावून घेतलं. चोवीस तास कडी.

साहेब म्हणाले, "बदलीचं पुढच्या आवृत्तीनंतर बघू. तुझ्याशिवाय हे कोणाला कळतंय?"

शनिवारी ताईने एक ओळ बदलली. मला फोनवर म्हणाली, "पाच वेळा विचारायचं, मग गप्प बसायचं. एवढं साधं सुचलं नाही बघ मला." आणि हसली.

रविवारी आईने पाठदुखी सांगितली, शेजारणीच्या मुलीचं लग्न सांगितलं, कुंडीतल्या मिरचीला फुलं आल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "बरं, ठेवते."

"आई, आज विचारलं नाहीस?" स्पीकरवरून ताई म्हणाली.

"कशाला गं तुला दर वेळी कोंडीत धरू? सोडलं मी ते."

आईने फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. तो चालूच होता. मी ताईला हाका मारल्या, चार-पाच. मग मीही ठेवून दिला.