स्टेजसमोर आम्ही दोघी

माझ्या आयुष्यात हेवी मेटल संगीत वरच्या मजल्यावरून आलं. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, आई दुसऱ्या एका ऑफिसात स्टेनो, आणि मी अकरावीत. त्या वर्षी आमच्या डोक्यावरच्या क्वार्टरमध्ये कोहिमाहून बदली होऊन आलेलं एक नागा कुटुंब राहायला आलं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. ती घरी असली की आमच्या छताला हादरे बसायचे.

"वरती गिरणी लावलीय का?" असं म्हणत आईने एका रविवारी दुपारी मलाच तक्रार करायला वर पाठवलं. मी गेले ती दोन तासांनी खाली आले.

दार उघडून ती "सॉरी" म्हणाली आणि आवाज कमी करायला वळली. मी तिला थांबवलं. "रुक. पूरा होने दे."

असं का म्हणाले ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. मी रोज सिटी बसने शाळेत जायचे. त्या बसमध्ये मुलींना काय सहन करावं लागायचं ते त्या काळी दिल्लीत वाढलेल्या कुठल्याही बाईला विचारा. उतरल्यावर मी दात आवळून चालायचे. घरी सांगायची सोय नव्हती आणि बाहेर ओरडायची हिंमत नव्हती. अशा वेळी त्या छोट्याशा टेपरेकॉर्डरमधून कुणीतरी घसा फोडून ओरडत होतं. शब्द एकही कळला नाही, पण माझ्या वतीने कुणीतरी चिडलंय एवढं मात्र नक्की कळलं.

मग मी रोजच वर जाऊ लागले. मैत्रिणीकडे बुटांच्या दोन खोक्यांत कॅसेटी होत्या, बहुतेक कॉपी केलेल्या, पाठीवर तिच्या मोठ्या भावाचं बारीक अक्षर. तिने मला शिस्तीत शिकवलं. हे मेटल, हे पंक. पंकची गाणी दोन मिनिटांत संपायची, वाजवणाऱ्यांना धड वाजवता यायचं नाही आणि त्याची त्यांना लाजही वाटायची नाही. मला ती बेपर्वाई फार आवडली. आणि मग प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे कॅसेटची अख्खी बाजू व्यापणारं एकच गाणं. मी मराठी मंडळाच्या क्लासमध्ये पाच वर्षं शास्त्रीय गाणं शिकत होते, त्यामुळे माझी बोटं आपोआप मांडीवर मात्रा मोजू लागली. सात आल्या, रूपक तालाइतक्या. "अरे यार, ये तो रूपक है!" मी ओरडले. ती म्हणाली, "चुपचाप सुन."

पहिला खटका उडाला तो गणपतीत. मैत्रिणीने मला एका काळ्या टी-शर्टवर कापडाच्या रंगाने कवटी काढून दिली होती. चांगली मोठी, पोटभर. मंडळाच्या कार्यक्रमात मी एक भावगीत म्हणणार होते, आणि तालमीला तोच टी-शर्ट घालून गेले. मंडळाच्या सेक्रेटरी काकांनी मला दारातच अडवलं.

"हे काय घातलंयस?"

"टी-शर्ट, काका."

"त्यावर कवटी आहे. मंगल प्रसंगी कवटी?"

"काका, गणपतीच्या बाबांच्या गळ्यात तर कवट्यांची अख्खी माळ आहे."

मागे फुलं निवडत बसलेल्या बायका हसल्या. त्या हसल्या नसत्या तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. काकांचा चेहरा लालबुंद झाला. संध्याकाळी ते आमच्या घरी आले, बाबांशी दबक्या आवाजात बोलले आणि चहाला हात न लावता गेले. माझं नाव कार्यक्रमातून काढलं होतं.

"उद्या जाऊन माफी माग," बाबा म्हणाले.

"कशाबद्दल?"

"उर्मटपणाबद्दल."

"उर्मट म्हणजे?"

मला खरंच माहीत नव्हतं. दिल्लीत वाढलेल्या आम्हा मुलांचे असे कितीतरी मराठी शब्द गळून गेले होते. पण बाबांना वाटलं मी त्यांचीही थट्टा करतेय. त्यांनी आमच्या घरातला टेपरेकॉर्डर उचलून कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. मी माफी मागितली नाही. दहाही दिवस तोच टी-शर्ट घालून मांडवात शेवटच्या रांगेत बसले. धुऊन वाळेपर्यंतचा काय तो खंड. माझं भावगीत दुसऱ्या मुलीने म्हटलं. बरं म्हटलं. मला रडू आलं, पण मी जागा सोडली नाही.

डिसेंबरात एका कॉलेजच्या वार्षिक महोत्सवात रॉक बँड वाजवणार असल्याचं मैत्रिणीला कळलं. दुपारी तीनची वेळ, खुलं मैदान, चांगलं ऊन. बाबा म्हणाले, "जायचं नाही." मी म्हणाले, "मी जाणार आहे. खोटं बोलून जाऊ शकले असते, पण सांगून जातेय."

मैदानात पाचशे तरी मुलगे असतील. मुली होत्या, पण त्या कडेला पायऱ्यांवर बसलेल्या. आम्ही दोघी गर्दीतून वाट काढत थेट स्टेजसमोर गेलो. शेजारच्या टोळक्यातला एकजण मला म्हणाला, "इस बैंड के तीन गाने बता दो, फिर खड़ी रहना." मैत्रिणीने एका दमात अकरा सांगितले, कुठलं कॅसेटच्या कुठल्या बाजूला आहे तेही सांगितलं. त्यावर ते तिच्या नाकाडोळ्यांवरून काहीबाही बोलून हसले. मी खाली मान घालून उभी राहिले.

तिसरं गाणं संपत असताना मागून एक हात माझ्या कमरेवर आला. बसमधलाच हात, वाटलं. फरक इतकाच की त्या वेळी माझ्या छातीत ड्रम वाजत होते. मी तो हात मनगटाशी दोन्ही हातांनी पकडला आणि वर उचलून धरला. गाणं थांबलं होतं, टाळ्याही ओसरल्या होत्या.

"ये हाथ किसका है?"

पाच वर्षं तार सप्तकाचा रियाझ केलेला गळा होता माझा. मैदानाच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेलं असणार. पायऱ्यांवरच्या मुली उठून उभ्या राहिल्या. मी परत ओरडले, "बोलो! किसका है?" हात सुटायला धडपडत होता. चेहरा दिसला तेव्हा तो अगदी साधासुधा निघाला, चष्मेवाला, नीट भांग पाडलेला. मैत्रिणीने त्याच्या पायावर तिचा जाडजूड बूट दाणकन आपटला. तो हिसका देऊन पळाला आणि आमच्याभोवती हातभर रिकामं रिंगण तयार झालं. पुढचं गाणं सुरू झालं आणि आम्ही त्या रिंगणात केस सोडून मान हलवत राहिलो. शेवटपर्यंत कुणी जवळ आलं नाही.

परतीच्या बसमध्ये मला विजयी वाटत होतं. मैत्रीण खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "जब वो मुझे बोल रहे थे, तब तू चुप क्यों थी?"

"डर गई थी," मी म्हणाले. ते अर्धंच खरं होतं. खरं हे होतं की तिला असं बोललं जाणं मला रोजचंच वाटत होतं, जसं बाकीच्यांना बसमधलं वाटायचं. मी "सॉरी" म्हणाले. काकांना न म्हटलेला तो शब्द तिला म्हणताना मला जराही कमीपणा वाटला नाही.

बाबा बस स्टॉपवर उभे होते. सगळं मीच सांगून टाकलं, लपवायचं नाही असं ठरवलंच होतं. घरात शिरल्यावर ते म्हणाले, "म्हणूनच सांगत होतो, जाऊ नकोस."

"बाबा, बसमध्ये रोज हेच होतं. मग शाळेतही जाऊ नको म्हणणार?"

"बसमध्ये?" त्यांचा आवाज बदलला. "कधी सांगितलं नाहीस."

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने आपली ऑफिसची पर्स उघडली आणि एक मोठी सेफ्टी पिन काढून टेबलावर ठेवली. "अहो, ही माझ्या पर्समध्ये गेली वीस वर्षं आहे. कशाला, ते कधी विचारलंत?"

बाबा खुर्चीत बसले. ती पिन त्यांनी उचलून उघडून पाहिली. त्यांना माझं संगीत शेवटपर्यंत आवडलं नाही, तो आरडाओरडाच वाटला. पण त्या दिवसानंतर 'जायचं नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला पिनेचं सांगितलं तर ती खो खो हसली. "पता है, पंकवाले जैकेट पर यही लगाते हैं." आईला सांगितलं, तर तिने पिनांचं अख्खं पाकीटच मला दिलं.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. तिळाचा लाडू खाता खाता एक काकू म्हणाल्या, "ते वरचे लोक म्हणे काय वाटेल ते खातात." या वेळी मी मान खाली घातली नाही. "काकू, तुमच्या हातातला लाडू माझ्या वरच्या मैत्रिणीच्या आईने वळलाय," मी म्हणाले. "सकाळपासून आमच्या स्वयंपाकघरात बसून." काकूंनी तो लाडू संपवला, पण नंतर आमच्याकडे फिरकल्या नाहीत. आईने त्यांना परत बोलावलंही नाही.

मैत्रीण आता कोहिमात शाळेत शिकवते. फोनवर आम्ही अजून भांडतो, कुठल्या बँडने कधी माती खाल्ली यावर. मी नोएडात राहते, एका ऑफिसात नोकरी करते. तिथे माझ्या प्लेलिस्टवरून थट्टा चालते. "मॅडम, इस उम्र में तो भजन सुनने चाहिए." मी सांगते की भजनही ऐकते, आणि गाऊनही दाखवते, पण हेडफोन काही उतरवत नाही.

गेल्या हिवाळ्यात गुडगावला एका कार्यक्रमाला गेले होते, एकटीच. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून स्टेजसमोर उभी होते. बाजूला कॉलेजातल्या तिघीचौघी मुली होत्या, नाकात रिंगा, ओठांना काळी लिपस्टिक. त्यांतल्या एकीने बराच वेळ माझ्याकडे बघून विचारलं, "आंटी, आप किसी को छोड़ने आई हैं?"

"नहीं," मी म्हणाले. "सुनने आई हूँ. थोड़ा सरको."

ती सरकली. तेवढ्यात गिटार सुरू झाली आणि बोलायची सोय उरली नाही.