पठाणांची भावकी आणि पलीकडचा फोर्कलिफ्ट

कंटेनर दारात उभा आणि माल चढवायचा फोर्कलिफ्ट कुंपणापलीकडे. आमचा बंद पडलेला. शेजाऱ्याचा चालू, पण मागणार कोण?

नागोयाबाहेर जुन्या गाड्यांच्या यार्डात मी हाफकट करतो. म्हणजे गाडी मधोमध कापायची, इंजिनाकडचं तोंड परदेशी पाठवायचं. मालक गुलखान, आफ्रिदी पठाण. शेजारचा दिलावरखानही आफ्रिदीच. अडलं खेलात. खेल म्हणजे आपली भावकी. गुलखान आदम खेल, कोहाटच्या खिंडीतला, बंदुका घडवणाऱ्यांतला. दिलावर झक्का खेल, खैबरखिंडीतला. दिलावरच्या ट्रकनं आमचं कुंपण वाकवलं, तेव्हापासून बोलणं बंद.

"संध्याकाळी बंदराचं गेट बंद होणार," मालक म्हणाला. "माल चुकला तर गिऱ्हाईक गेलं, चाचा. यार्डही गेलं."

"मग मागा की फोर्कलिफ्ट."

"त्याच्या आजोबानं खिंड उघडी ठेवायला इंग्रजाचे पैसे खाल्ले!"

"आणि तुमच्या?"

"आमची खिंड वेगळी होती."

कंटेनरचा ड्रायव्हर तानाका-सान घड्याळ बघून वाकला. जपानी माणूस शिवी अशीच देतो.

माझी बायको वारली तेव्हाही यांचं बोलणं बंद होतं, तरी दोघंही माझ्या खोलीवर आले होते. एकाच चटईवर बसले, हात पसरून दुवा मागितली. दुखवट्याला वैर दाराबाहेर, ही त्यांची रीत. न येणं ही भांडण हरण्याहून मोठी नामुष्की.

मी डब्याच्या पिशवीतला तिचा फोटो काढला. वाकलेल्या कुंपणापाशी पुठ्ठा अंथरून बसलो. ओरडलो, "माझी बायको गेलीय! बसायला या!"

दिलावर धावत आला. "चाचा, ती तर गेल्या वर्षी गेली!"

"मग? परत आली का?"

त्यानं बूट काढले. बसला. मालकही येऊन बसला. तानाका-सानही गुडघे दुमडून बसला, कोण गेलं हे न विचारता. दुवा झाली. खरं सांगतो, मी नाटकाला बसलो होतो, पण डोळे माझे ऐकेनात. ती असती तर म्हणाली असती, रडताय काय, चहा द्या त्यांना.

चहा दिला. दिलावर मालकाकडे न बघता मला म्हणाला, "चाचा, कंटेनर कुणाची वाट बघतोय?"

"तुझ्या फोर्कलिफ्टची."

"तुझ्या घरात दुःख आहे. तू मागितलंस, दिला."

माल गेटवर वेळेत पोचला. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून पुन्हा जुंपली, पुन्हा आजोबा आणि इंग्रजाचे पैसे निघाले.

आमचा फोर्कलिफ्ट अजून दुरुस्त नाही. अडलं की मालक हळूच विचारतो, "चाचा, आज चाचीची आठवण येते का?"

रोजच येते. त्याला फोर्कलिफ्ट लागो न लागो.