पहिली धार

आमच्या बल्गेरियन खेड्यात द्राक्षाची दारू, म्हणजे राकिया, गाळणारा नेदेल्को कुणाचं ऐकायचा नाही. बायकोचं तर नाहीच नाही. गावात भट्टी एकच. थंडीच्या तोंडावर सगळे आंबलेल्या द्राक्षांची पिंपं घेऊन रांगेत. पेन्चो दरवर्षी लाडात येई, "नेदेल्को, पहिल्या धारेची घोटभर दे की!"

"नितळ दिसते म्हणून भुलू नकोस. विष आहे, डोळे जातील," म्हणत नेदेल्को ती धार मातीत ओतायचा.

त्या वर्षी डोळा गेला तो त्याचाच. डोळ्यामागे जीवघेणी कळ आली आणि उजवी पापणी पडली ती उठेना. मी म्हटलं, "कुठल्या विधवेला डोळा मारतोयस रे?" रांग हसली. त्याची बायको त्सोना हसली नाही. तिनं बोटानं पापणी उचलली. डोळा बाहेरच्या कोपऱ्यात सरकलेला, बाहुली कोटाच्या बटणाएवढी. नवऱ्याला तिनं ओढतच शहराच्या इस्पितळात नेलं.

दुसऱ्या दिवशी स्वारी भट्टीवर हजर! मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या फोटोची फिल्म त्यानं खिडकीच्या काचेला चिकटवली. "बघा, स्वच्छ! साखरेनं झालंय म्हणे."

"म्हणे कोण? तूच!" त्सोना कडाडली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तवाहिनीला बारीक फुगा असला तर या फोटोत निसटतो. बाहुली एवढी पसरलीय म्हणजे डोळ्याच्या नसेवर काहीतरी दाब आहे. मांडीतून नळी सरकवून आतून बघायचं होतं. हा 'माझ्या जबाबदारीवर जातो' अशी सही ठोकून पळाला!"

"दिसत नाही ते कशाला शोधायचं?"

"मग तुझ्या पहिल्या धारेत विष दिसतं होय रे?"

नेदेल्कोनं जन्मात पहिल्यांदा बायकोचं ऐकलं. त्यानं खुंटीवरचा कोट काढला.

"आणि माझं पिंप?" पेन्चो कळवळला. "त्याचा शिरका होईल!"

आम्ही सगळेच आपापल्या पिंपांवर हात ठेवून उभे होतो. कोट परत खुंटीवर गेला.

"एवढी उतरू दे गं. मग निघू."

भट्टी तापली, धार लागली. नेदेल्को बादलीवर वाकला, "डोकं..." म्हणाला आणि आडवा झाला. इस्पितळाची गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या धावपळीत धार वाहतच राहिली. पहिली ओतली होती की नाही, कुणालाच ठाऊक नाही. बादली भरलेली, इतकी नितळ की तळाचा उडालेला टवका दिसावा.

"मयताला लागेलच," पेन्चो पुटपुटला. "दिसतेय तर चांगली."

त्सोनानं बादली उचलली, तुतीच्या बुंध्याशी नेली आणि पालथी केली.