मुद्दाम चुकणारे पेंटर

आमच्या भागातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या पेंटरांनी लिहिल्या आहेत. त्यांना नाव असेलच, पण ते कुणाला ठाऊक नाही. त्यांची बायकोसुद्धा त्यांना पेंटरच म्हणते. अक्षर असं सुरेख, की रस्त्यानं जाणाऱ्याची मान वळावी. शुद्धलेखन असं, की वळलेली मान खाली जावी. त्यांचा नियम सोपा होता. अक्षराच्या डावीकडे जागा उरली तर पहिली वेलांटी, उजवीकडे उरली तर दुसरी. दोन्हीकडे उरली तर गिऱ्हाइकाला विचारायचं.

माझ्या आईनं तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेणारी ती एकटीच बाई मला माहीत आहे; बाकीच्या फुकट काढतात, त्यात मीही आले.

या दोघांची गाठ पडली तेव्हा आईच्या आजाराचं नाव कळून चार महिने झाले होते. स्मृतिभ्रंश. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. घरी येऊन मी माझ्या स्वभावाप्रमाणे तक्ते केले: गोळ्यांचा, जेवणाचा, आंघोळीचा. बाबांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे दार लावून घेतलं. कुणी चौकशी केली की "तिला जरा बरं नाहीये" एवढंच सांगायचे, जणू सर्दी झाली आहे. हळूहळू शेजारी येईनासे झाले आणि पंचाहत्तरीचा माणूस एकटा दिवसभर पहारा देत बसला.

पहारा लागायचा, कारण आईला घरी जायचं असायचं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर बसून ती म्हणायची, "उशीर झाला, आता घरी जायला हवं." बाबांची पाठ वळली की चपला पायात. एकदा मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडली. कुलूप लावून बघितलं, तर ती दारावर मुठी आपटत रडली आणि बाबा तिच्या शेजारी जमिनीवर बसून रडले. कुलूप काढलं.

दुसऱ्यांदा गेली ती सायकलच्या दुकानासमोर सापडली. पेंटर शिडीवर चढून पाटीची किनार रंगवत होते. खालून आवाज आला, "खाली उतरा!" शिडी सरकली असं वाटून ते घाईघाईनं उतरले.

"काय लिहिलंय ते वाचा," आई म्हणाली.

"सायकल दुरुस्ती."

"मी पण तेच वाचलं असतं. पण तुम्ही लिहिलंय 'दूरूस्ती'. दोन्ही उकार दुसरे! माणूस दुरुस्तीला बसलाय आणि शब्दच मोडलेला."

"जागा होती बाई, म्हणून दिले."

"जागा आहे म्हणून वाटेल ते द्याल?"

पेंटरांनी निमूटपणे उकार पुसले आणि पहिले काढले. मग विचारलं, "बाई, राहता कुठं?" आईला सांगता येईना. पेंटर चार बुकं न शिकताही न सांगितलेलं समजणारे. त्यांनी गडबड केली नाही, कुणाला गोळा केलं नाही. खिशातला खडू आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "मग ही पुढची पाटी पण बघून टाका." बाबांचा फोन आल्यावर मी माझ्या घरून धापा टाकत पोचले तेव्हा गिरणी, शिंपी आणि चष्म्याचं दुकान तपासून झालं होतं. 'पीठाची गिरणी'वर मोठी फुली होती आणि गिरणीवाला कान धरून उभा होता. आई कित्येक महिन्यांनी खूश दिसत होती.

मी मात्र घरी आल्यावर बाबांवर भडकले. "आता एकदा जरी ती अशी गेली, तर मी तिला संस्थेत ठेवणार. चौकशी करून ठेवलीये मी." बाबा उठून आईच्या चपलांचे बंद नीट करत बसले. चौकशी मी खरंच केली होती, आणि ते सांगताना मला आजही लाज वाटते.

पुढच्या गुरुवारी पेंटर न बोलावता आले. घरात वस्तूंना आणि खोल्यांना नावं लावा, असं कुठंतरी वाचून मी कॉम्प्युटरवर छापलेल्या चिठ्ठ्या सगळीकडे चिकटवल्या होत्या. आईनं त्या एकूण एक सोलून, नीट चळत करून उशीखाली ठेवल्या होत्या. चळत बघून पेंटर म्हणाले, "ताई, असल्या अक्षराकडे मीसुद्धा बघणार नाही." आणि पिशवीतून काळा रंग दिलेले पत्रे काढले.

"हे घर आहे, दवाखाना नाही," बाबा गुरगुरले.

"दवाखान्याच्या पाट्या पण माझ्याच आहेत, काका. तुमची जरा बरी लिहीन."

तीन पाट्या झाल्या. 'संडास' वेलांटी-उकाराशिवायचा, त्यामुळं पेंटरांच्या तावडीतून सुटला. 'कपाट'ही तसंच. या दोन्हींकडे आईनं ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या पाटीवर त्यांनी झोकात लिहिलं, 'स्वंयपाकघर'. आई तिथून चालली होती. दोन पावलं पुढं गेली, मागं आली आणि गरजली, "लाल खडू!"

अनुस्वार पुसून तिनं तो पुढच्या अक्षरावर नेऊन बसवला, समासात खूण केली, आणि मग, एवढी उभी आहेच तर, आत जाऊन माठातलं पाणी प्यायली. दोन महिने तिला पाणी प्यायची आठवण करून करून आमचे घसे कोरडे पडले होते.

पेंटर ब्रश पुसत विचारात पडले. "ताई, बरोबर पाटीकडे कोण बघतं? बाई चुकीशी थांबतात." मग त्यांनी बाहेरच्या दाराकडे पाहिलं.

दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या अगदी वर, चौथी पाटी लागली: 'क्रुपया दार हळु लावा'. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. त्यांचा आवाज ओळखू येईना. आई चपला घालून निघाली, दारापाशी थांबली, "लाल खडू!" म्हणून ओरडली, बाबा न्हाणीघरातून अर्ध्या साबणानिशी धावले. खडू दिला. कृपया झालं, हळू झालं, हात झटकून आई म्हणाली, "किती काम पडलंय इथं," आणि घरी जायचं विसरून गेली.

त्यानंतर दर गुरुवारी पेंटर यायचे, जुनी पाटी पुसायचे, नवी चूक करून जायचे. आणि इथंच त्यांची पंचाईत झाली. दर आठवड्याला आईच्या हाताखाली उभं राहून त्यांना शुद्ध लिहिता येऊ लागलं! चाळीस वर्षं जे विनासायास जमत होतं ते जमेना. एकदा भर दुपारी माझ्या ऑफिसात फोन.

"ताई, 'विद्यार्थी' कसं चुकवायचं?"

"पहिली वेलांटी द्या."

"कुठं? 'वि'ला का 'र्थी'ला?"

"तुम्ही आधी काय लिहायचात?"

"तेच तर आठवत नाही हो," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. समोर साहेब बसले होते. मी हसू दाबण्यासाठी टेबलाखाली पेन शोधत बसले.

पण पाट्या हे निमित्त होतं. पाटी झाली की पेंटर चहा घेत बाबांच्या शेजारी तासभर बसायचे. मी आठवड्यातून तीनदा येऊन गोळ्या मोजायची, तक्ते तपासायची, चुका काढायची. बाबांशी कुणी बोलतच नव्हतं, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. पेंटरांना बाबा सगळं सांगायचे: आईनं त्यांचा चष्मा पिठाच्या डब्यात ठेवला, रात्रभर जागवलं, एकदा चिडून त्यांनी तिच्यावर हात उगारला आणि मग दिवसभर जेवले नाहीत. पेंटर ऐकायचे. सल्ला द्यायचे नाहीत. "अवघड आहे काका," म्हणायचे, "आणखी अर्धा कप घेऊ?" मला त्या माणसाचा हेवा वाटायचा.

आठ महिने गेले. त्या गुरुवारी मीही घरी होते. पेंटरांनी पाटी लिहिली आणि अभिमानानं मागं सरकले. माझ्या मदतीशिवाय एका ओळीत तीन चुका साधल्या होत्या त्यांनी. आई चपला घालून आली. पाटीसमोर थांबली. पूर्ण वाचली.

"छान लिहिलंय," म्हणाली, आणि कडीला हात घातला.

पेंटरांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "बाई, नीट बघा की. 'क्रुपया' बघा."

"बघितलं. बरोबर आहे."

मी पुढं झाले, तिचा दंड धरायला. माझी अट घरात सगळ्यांना ठाऊक होती. बाबांनी मला हातानंच मागं सारलं. आई त्यांच्याकडे वळून म्हणाली, "अहो, जरा ऐकता का? मला घरी सोडाल?"

आपल्यात बायको नवऱ्याला 'अहो' म्हणते आणि परक्या माणसालाही 'अहो'च. त्यामुळं आई बाबांना केव्हापासून ओळखेनाशी झाली, ते मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि समजलं, की त्यांना कधीचंच कळलंय. त्यांनी ते माझ्या धाकानं लपवून ठेवलं होतं, कारण मी लगेच संस्थेला फोन लावला असता. लावलाच असता मी.

"सोडतो की," बाबा म्हणाले. "चला. तुम्हाला चालवेल ना?"

पन्नास वर्षं 'अगं' म्हटलेल्या बाईला ते 'तुम्ही' म्हणत होते.

दोघं बाहेर पडले. मी आणि पेंटर दहा पावलं मागून. ज्या शेजाऱ्यांपासून बाबांनी तिला वर्षभर लपवलं, त्या सगळ्यांच्या दारांवरून ते तिला घेऊन गेले. शिंप्यानं मशीन थांबवून हात केला. चष्मेवाला बाहेर येऊन म्हणाला, "काका, रोज येत जा की असे." बाबांनी थांबून त्याला आईच्या आजाराचं नाव सांगितलं, सरळ, पूर्ण नाव. आई कंटाळून त्यांच्या बाहीला ओढत होती. गिरणीला वळसा घालून अर्ध्या तासानं सगळे परत आमच्याच दारात.

"हेच का हो तुमचं घर?" बाबांनी विचारलं.

आईनं दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा सैल झाला. "हेच. फार उपकार झाले. आत या ना, असे दारातून जाऊ नका. आमचे हे येतीलच इतक्यात. त्यांना भेटूनच जा, माणूस फार चांगला आहे."

बाबांनी चपला काढल्या आणि स्वतःच्याच खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखे टेकले.

"थांबतो," ते म्हणाले. "मला काही घाई नाही."