जिजीचे पाय

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. देवासमोर हात जोडले तेव्हाही मधला भाग गाळूनच बोलले. आता तुम्हाला सांगते. सांगते म्हणते, आणि जीभ लगेच दुसरीकडे वळते. बघा ना, आधी पीकपाण्याचंच काही बोलावंसं वाटतंय!

तर माझी थोरली जाऊ. तिला मी जिजी म्हणत असे. तापीकाठच्या आमच्या गावात तिच्याइतकी लठ्ठ बाई दुसरी नव्हती, आणि तिच्याइतकी लाडकीही नव्हती. बाया म्हणायच्या, घरात लक्ष्मी बसली आहे. मग माझ्याकडे बघायच्या. मी काडीसारखी. "धाकलीले खावाले देतस नही का व?" म्हणून हसायच्या. मीही हसायचे. आतून मात्र जळायचे.

कशाचा हेवा होता मला? मूल तिला नव्हतं, माझ्या पदरात दोन मुलगे होते. मग? पण ते दोघे झोपायचे तिच्या मांडीवर. पडले, खरचटलं की धावत तिच्याकडे. मी हाक मारली तर नुसती मान वळवायचे आणि पुन्हा तिच्या पोटात तोंड खुपसायचे. आणि श्रावणात आमच्या घरी कानबाई देवी बसायची, तेव्हा नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडायचे जिजीने, दळायचे तिने, आणि दुसऱ्या दिवशी कानबाईला डोक्यावर घेऊन विसर्जनाला नदीवर जायचं तेही तिनेच. वाजंत्री पुढे, ती मध्ये, मी मागे. दहा वर्षं मी तिची पाठ बघत चालले. रुंद पाठ होती, तिच्यापलीकडचं काही दिसायचं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी तिचे पाय सुजायला लागले. आधी घोटे, मग पिंढऱ्या, मग गुडघ्याखाली नुसते खांब. वाळे रुतले ते सोनाराकडून कापून काढावे लागले. शेवटी थोरल्या दिरांनी गाडी जुंपली आणि आम्हाला तळोद्याच्या दवाखान्यात नेलं. मी चार इयत्ता शिकलेली, डॉक्टरांची शहरी भाषा मला समजेल, म्हणून सोबत मी. दीर बाहेर बैलांपाशी थांबले.

डॉक्टरांनी अंगठ्याने पिंढरी दाबली. खळगा पडला, तो भरेपर्यंत ते बघत राहिले. मग तिला बाहेरच्या बाकावर बसायला पाठवलं आणि मला सगळं समजावलं. हा हत्तीपाय नव्हे, म्हणाले. अंगाचा भार इतका वाढलाय की पायांतलं पाणी वर चढायची वाटच दबली आहे. तूप-गूळ तोडा. रोज थोडं थोडं चालवा. बसताना पाय उंच ठेवा, आणि सकाळी अंथरुणातच बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी बांधा. कातडी स्वच्छ ठेवा, भेगा पडू देऊ नका. कुणाला लागण्यासारखं यात काही नाही. कापडी पट्टीच्या दोन गुंडाळ्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "घरच्यांना नीट सांगा."

घरच्यांना! आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी बोलत नाही. माझा पदर त्यांच्यासमोर हनुवटीपर्यंत. ते मला विचारणार नव्हते, मी त्यांना सांगणार नव्हते. जे काही जाणार ते माझ्या तोंडून जिजीकडे, आणि तिच्या तोंडून त्यांच्याकडे. मधे दुसरं कुणीच नव्हतं.

गाडीत तिने विचारलं, "काय सांगं व डाक्तरनी?"

श्रावण तोंडावर आला होता. मी बोलून गेले, तोंडातून निसटलं — नाही, हेही खोटं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच मी ठरवलं होतं.

"हत्तीपाय शे, जिजी," मी म्हणाले. "दुसराले लागी जास म्हने."

ती गाडीतल्या गाडीत सरकली. माझ्यापासून लांब.

तिचं ताट-तांब्या वेगळं झालं. अंथरूण गोठ्याशेजारच्या पडवीत गेलं. रोटाच्या गव्हांना तिने हात लावायचा नाही, असं सासूबाईंनी रडत रडत सांगितलं. त्या वर्षी कानबाई माझ्या डोक्यावर आली. ढोल वाजत होते, बाया फुगड्या घालत होत्या, आणि मला आनंद झाला होता. खूप झाला होता, खोटं कशाला बोलू? पडवीतून जिजी ओरडली, "नीट चाल व माय, पाय सटकी जाई!"

पट्ट्या मी गोवऱ्यांच्या ढिगाखाली सारल्या होत्या. तिचं ताट मीच नेत असे. वर तूप — पहिल्यापेक्षा जास्तच. सासूबाई म्हणायच्या, धाकटी किती करते हो जावेचं! तूप काय करणार ते मला ठाऊक होतं. घरात फक्त मलाच ठाऊक होतं. मी वाढत राहिले, ती बसून खात राहिली.

धाकटा मुलगा तरी पडवीकडे पळायचाच. ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "आठे यवू नको रे राजा, तुले लागी जाई." मला वाटलं होतं, आता तो माझ्याकडे येईल. तो उंबऱ्यावर बसून रडायचा आणि मी उचलायला गेले तर माझे हात झटकायचा.

दर श्रावणात सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. पण कानबाई पुन्हा माझ्या डोक्यावर यायची, आणि मी गप्प बसायचे. असे चार श्रावण गेले. मग तिच्या पायांना भेगा पडल्या, त्यांतून पाणी झिरपायला लागलं, ताप भरला. ती उठेनाशी झाली.

ती गेली त्या दिवशी सकाळी मी कढत पाण्याची तपेली आणि फडकं घेऊन पडवीत गेले. म्हटलं, निदान पाय धुवावेत. मी वाकले. तिला पाय मागे घ्यायचे होते, पण ते हलले नाहीत. मग तिने हाताला पदर गुंडाळला आणि त्या हाताने माझं मनगट अडवलं.

"हात नको लावू, माय. तुन्हा पोरेस्ले लागी जाई."

लागत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी हात मागे घेतला. तपेली तिथेच ठेवली आणि बाहेर आले.