अमृता अमेरिकेला गेली

शहाडचा प्रेम आणि कळव्याची अमृता ठाण्यातल्या पायलटच्या क्लासमध्ये भेटले. दोघांच्याही घरात आजवर कुणी विमानात बसलेलं नव्हतं, आणि ही दोघं विमान चालवायला निघालेली. वर्षभरात त्यांचं ठरलं. लायसन्स एकत्र काढायचं, मग लग्न.

प्रश्न होता, कुठून काढायचं. अमेरिकेत लेखी परीक्षा थोड्या, आकाश मोकळं, उड्डाणाचे तास भराभर पुरे होतात. युरोपात डझनभर विषयांचे पेपर, वर हवामानाची मर्जी. कुठूनही परत आलं तरी इथलं लायसन्स वेगळं काढावं लागणारच होतं. दोघांनी अमेरिका निवडली.

व्हिसा अमृताला मिळाला. प्रेमला नाकारला. पुन्हा अर्ज केला, तरी तेच.

"मग मी पण युरोपच करते ना," अमृता म्हणाली.

"नको. माझ्यासाठी अमेरिका सोडलीस, हे मला रोज दिसत राहील. तू जा."

ती गेली. प्रेमने शहाडला घरी बसून युरोपच्या पेपरांचा अभ्यास केला आणि पोलंड गाठलं. तिकडचा हिवाळा ढगांतच सरला. दुपारी तो विमानं ठेवायच्या हँगरमध्ये आभाळ उघडायची वाट बघत बसायचा, तेव्हा अ‍ॅरिझोनात उजाडत असायचं आणि अमृता उड्डाणाला निघालेली असायची. भांडण असं कधी झालंच नाही. फोन तेवढे कमी होत गेले.

ती आधी परतली, नोकरीला लागली, राहायचा बेस बेंगळुरू मिळाला. एकदा तिने मुद्दाम फोन केला. "आज मुंबईला उतरताना उल्हास नदी दिसली. शहाडपण दिसलं रे. तुझं घर नाही सापडलं."

 नदीला पाणी होतं का, एवढंच प्रेमने विचारलं.

पुढे तोही परतला, इथल्या परीक्षा देऊन दुसऱ्या कंपनीत को-पायलट झाला. त्याची आई सगुणा अमृताची चौकशी करायची. ठीक आहे ती, म्हणून तो विषय संपवायचा.

मागच्या हिवाळ्यात तो मुंबईला उतरत होता. रेडिओवर पुढच्या विमानातून कुणी उंची आणि वेग सांगत होतं. आवाज अमृताचा होता. तिथे कामापलीकडे एक शब्द बोलायचा नसतो. पाळी आल्यावर प्रेमने आपले आकडे सांगितले, नेहमीपेक्षा सावकाश. मग कंट्रोलरने अमृताला दुसरी फ्रिक्वेन्सी दिली; तिकडे गेल्यावर तिचा आवाज इथे येणार नव्हता. उत्तर द्यायला तिने क्षणभर उशीर केला.

कॅप्टनने चाकं खाली घ्यायला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा कुठे प्रेमला ते ऐकू आलं.